बिल भरून देण्याआधी एकदा बिल हातात घ्या

प्रश्न एका शिक्षिकेने पाठवलाय. थोडक्यात असा: "भोसरीजवळच्या आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी आहे. तिच्या घरची वीज तीन आठवड्यांपूर्वी तोडली. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बिगारी. थकबाकी ७,००० च्या पुढे गेलीय म्हणतात. आम्ही शिक्षक वर्गणी काढून भरायला तयार आहोत. पण दरवर्षी एक-दोन मुलांच्या घरी हे होतंच. भरून द्यावं का? आणि अशा बिलांनी घराचं नेमकं काय होतं?"

मॅडम, शेवटी काही रक्कम भरावी लागेलच. पण दोन खोल्यांच्या, एक-दोन पंखे, टीव्ही आणि जुना फ्रिज असलेल्या घराचं बिल ७,००० ऐकलं की मला पहिला संशय बिलाचाच येतो. मी वीजग्राहकांच्या तक्रारींचं काम बरीच वर्षं करतेय. अशा घराचा वापर महिन्याला ८० ते १२० युनिटांच्या आसपास असतो. त्यातून एकदम सात हजार होत नाहीत. मग एक तर अनेक महिन्यांची बिलं साचलीत, किंवा रीडिंग चुकलंय, किंवा तिसऱ्याच कुणाचा वापर यांच्या माथी आलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि वर्गणीचे पैसे त्यातल्या एकाच प्रकारात पूर्ण सार्थकी लागतात.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मोठा आहे.

तुम्हाला अंधारातलं घर दिसतं. ज्यांची वीज तुटली नाही, त्यांचं काय चाललंय ते दिसत नाही. बहुतेक गरीब घरं बिल भरतात. कशातून भरतात ते विचारा. खोलीचं भाडं कधी थकत नाही, कारण मालक दारात उभा राहतो. दुसरा नंबर विजेचा, कारण लाइनमन शिडी घेऊन येतो ते सगळी चाळ बघते. मग किराणा, तो वहीवर चढतो. आणि सगळ्यात शेवटी गॅस. गॅसचं बिल येतच नाही, बुकिंग पुढे ढकललं की झालं. मुंबईत १४.२ किलोचं सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैशांवर गेलं. मार्च २०२३ मध्ये ते ११०२ रुपये ५० पैसे होतं. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, घरोघर शेगडी पोहोचली. पण सरकारचेच आकडे सांगतात की उज्ज्वलाच्या घरांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी ३ सिलिंडर भरून घेतली आणि २०२३-२४ मध्ये जेमतेम ४. पाच माणसांचं घर चार सिलिंडरवर वर्ष काढत नाही. उरलेले महिने चूल पेटते, किंवा शेगडीवर फक्त चहा आणि दूध होतं. शहरात सरपण मिळत नाही तिथे बायका कोपऱ्यावरच्या दुकानातून छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून आणतात. तो बेकायदा, धोक्याचा आणि किलोला महाग. पण हातात दोनशे रुपये असताना दोनशेचाच गॅस मिळतो.

म्हणून विजेचं बिल वाढलं की त्याची खूण थकबाकीदारांच्या यादीत लवकर दिसत नाही. ती डाळीत दिसते, गॅसच्या पासबुकात दिसते, क्लासची फी "पुढच्या महिन्यात देते" म्हणण्यात दिसते. रक्तदाबाची गोळी रोजच्या ऐवजी दिवसाआड घेणारी म्हातारी मी पाहिली आहे. घरात विचारलं तर बिल मात्र वेळेवर भरलेलं.

आणि याला ऋतू आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पंखा चोवीस तास फिरतो, त्याचं बिल मे-जूनमध्ये हातात येतं. त्याच सुमाराला सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी ही ठेव सरासरी एका महिन्याच्या बिलावरून दोन महिन्यांच्या बिलावर नेली, आणि वर्षभराच्या वापरावरून ती दरवर्षी तपासली जाते. वापर वाढला की फरक मागतात. लोकांना वाटतं हा दंड आहे. तो दंड नाही, ठेवच आहे, तिच्यावर व्याजही बिलात जमा होतं आणि हप्ते मागता येतात. पण कागद बघून छातीत धस्स होतं ते होतंच. पाठोपाठ शाळा उघडते: वह्या, दप्तर, गणवेश. पाऊस लागला की बिगाऱ्याची रोजंदारी तुटते. तुमच्या शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये गैरहजेरी वाढत असेल, तर हे महिने मागे जाऊन बघा.

आता दराचं गणित, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. महावितरणचं २०२४-२५ चं घरगुती दरपत्रक घेते. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार, १ रुपया १७ पैसे, मिळून ५ रुपये ८८ पैसे. १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे. ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे, त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे. वर दरमहा १३० रुपयांच्या आसपास स्थिर आकार, कधी कमी कधी जास्त इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर नंतर थोडेफार बदलले, पण जिना तोच राहिला आहे आणि त्याची दुसरी पायरी पहिलीच्या जवळपास दुप्पट उंच आहे. मुंबई शहरात बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे आहेत, तिथे हे आकडे लावू नका.

दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वेगळी स्वस्त वर्गवारी आहे, पण ती महिन्याला सरासरी ३० युनिटांपर्यंतच. पंखा आणि फ्रिज असलेलं कुठलंच घर ३० युनिटांत बसत नाही. माझ्या मते शहरात ती सवलत कागदावरच उरली आहे.

आता भाड्याच्या खोल्यांकडे. औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे तुमच्याकडेच, एका मालकाच्या पाच-सहा पत्र्याच्या खोल्या आणि मीटर एकच असतो. आत प्रत्येक खोलीला मालकाने बाजारातून आणलेला सबमीटर. समजा पाच खोल्या, प्रत्येकीचा वापर ७० युनिट. प्रत्येकीचा स्वतःचा मीटर असता तर ७० युनिटांचे ४१२ रुपये आणि स्थिर आकाराचे १३० धरून ५४२ झाले असते. पाचांचे मिळून साधारण २,७०० रुपये. एकाच मीटरवर हेच ३५० युनिट होतात आणि तिसऱ्या पायरीवर चढतात: पहिल्या शंभराचे ५८८, पुढच्या दोनशेचे २,२९२, उरलेल्या पन्नासचे ७८६, अधिक १३०. झाले जवळपास ३,८०० रुपये. म्हणजे खोलीमागे सव्वादोनशे रुपये निव्वळ मीटर एक असल्यामुळे, तेही वीज शुल्क न धरता. मालक मग सरसकट युनिटला १२ किंवा १३ रुपये लावतो आणि त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. कायद्याने वीज विकायला परवाना लागतो. पण तक्रार केली की खोली गेली, हे सगळ्यांना माहीत असतं.

इथे एक जरा वेगळं मत सांगते. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटांपर्यंत वीज फुकट आहे, कर्नाटकाने २०२३ मध्ये गृहज्योती आणली, आपल्याकडेही तशी मागणी होते. मी विरोधात नाही. पण मीटर मालकाच्या नावावर असेल तर ही सवलत सबमीटरच्या खोलीपर्यंत पोहोचेलच असं नाही. छतावरच्या सौरऊर्जेचंही तेच. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, १ किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान आहे. ज्याला स्वतःचं छप्परच नाही त्याने पॅनेल कुठे लावायचं? सगळ्यात गरीब घराला आधी स्वतःच्या नावाचा मीटर मिळवून द्यावा. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार म्हणजे तिथे राहणारा, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो. प्रत्यक्षात भाडेकरार किंवा मालकाची संमती मागतात आणि तिथे घोडं अडतं. मालकाशी बोलून संमती मिळवून देणं हे काम शाळेतल्या शिक्षकाच्या शब्दाने जितकं होतं, तितकं माझ्या अर्जाने होत नाही.

म्हणून तुमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत पहिला प्रश्न: वीज नेमकी कुणी तोडली? खांबावरून किंवा मीटरवरून कंपनीने, की सबमीटरची वायर मालकाने काढली? शेजारच्या खोल्यांत दिवे चालू असतील आणि या घराच्या नावाने कंपनीचं बिलच येत नसेल, तर उत्तर मिळालं. तशा वेळी महावितरणचं ऑफिस काही करू शकणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार मालकाने भाडेकरूची वीज-पाण्यासारखी आवश्यक सेवा तोडण्याला मनाई आहे आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येते. पण आधी दोन शहाणी माणसं घेऊन मालकाकडे जा. हिशेब लिहून मागा: मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दर. बऱ्याचदा हिशेब लिहायला घेतला की रक्कम आपोआप खाली येते.

तोडणी कंपनीची असेल तर बिल हातात घ्या. मोबाइलवर आलेला आकडा नव्हे, पूर्ण बिल. ते नसेल तर ग्राहक क्रमांकावरून संकेतस्थळावर निघतं. तिथे मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. मीटरची स्थिती काय लिहिली आहे ते बघा. मागच्या महिन्यांच्या वापराची यादी किंवा आलेख असतो. त्यात चार-पाच महिने सलग एकसारखा आकडा, समजा ६०, ६०, ६०, ६० दिसला तर समजा की कुणी मीटर वाचायला आलंच नव्हतं, सरासरीने बिल काढत होते. घर बंद होतं, मीटर आतल्या खोलीत होता, काहीही कारण असेल. नंतर एकदा खरं रीडिंग येतं आणि साचलेला सगळा वापर एका बिलात पडतो.

अशा बिलात बघायची गोष्ट एकच: पायऱ्या महिन्यांत वाटल्या आहेत की नाही. पाच महिन्यांचे ६०० युनिट निघाले, तर दरमहा १२० धरून ऊर्जेचे एकूण ४,०८६ रुपये होतात. तेच ६०० एका महिन्याचे धरले तर ७,८०५. वीज तीच आणि फरक ३,७०० रुपयांचा. वर सरासरीने आधी भरलेली रक्कम वजा व्हायला हवी, ती झाली का तेही बघा. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबलं होतं, जूनमध्ये तीन महिन्यांची बिलं एकत्र आली आणि राज्यभर ओरड झाली. तेव्हा महावितरणने स्लॅबचा, म्हणजे याच पायऱ्यांचा, लाभ महिन्यांत वाटून दिल्याचं स्पष्ट केलं होतं, तीन हप्तेही दिले होते. संगणक एरवी हे वाटप करतोच. मीटर बदलला असेल किंवा बिल हाताने दुरुस्त केलं असेल तिथे मात्र नीट बघा.

मीटरच बंद पडला असेल तर मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीने जास्तीत जास्त ३ महिन्यांचं बिल लावता येतं. वर्षभराचं नाही. आणि जी रक्कम सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नाही, ती पहिल्यांदा देय झाल्यापासून २ वर्षांनंतर वसूल करता येत नाही. हे कलम ५६ चं दुसरं पोटकलम.

त्याच कलमाचं पहिलं पोटकलम सगळ्यात उपयोगाचं. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा गेल्या ६ महिन्यांच्या सरासरी बिलाची रक्कम, यातली जी कमी असेल ती भरू शकतो. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तिथे "पूर्ण भरा, मग बघू" असं ऐकू येतं. अर्ज लेखी दिला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

वीज तोडून तीन आठवडे झालेत, म्हणजे हातात वेळ आहे, पण बेफिकीर राहण्याइतका नाही. जोडणी सहा महिने तशीच पडून राहिली की ती कायमस्वरूपी खंडित धरतात, लोक तिला "पीडी" म्हणतात. मग जुनी थकबाकी, नवा अर्ज, नवी ठेव अशी तिहेरी कटकट. अशांसाठी मधूनमधून अभय योजना येते. २०२४ च्या योजनेत व्याज आणि विलंब आकार माफ करून मुद्दलाचे ३० टक्के आधी व बाकी सहा हप्त्यांत घेतले होते. पुढची कधी येईल यावर विसंबून मुलीला अंधारात बसवू नका.

दरम्यान शेजाऱ्याकडून वायर घेतली असेल तर ती काढायला सांगा. यात उपदेश नाही. शेजाऱ्याचा वापर १०० च्या वर जातो, त्याचं बिल वाढतं, भांडण होतं. आणि तपासणी झाली तर कलम १२६ खाली अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, तीही ज्याने उपकार केला त्याच्यावर.

विलंबाचा आकार सव्वा टक्का आहे. नऊशेच्या बिलावर अकरा रुपये. त्याने कुणी बुडत नाही. बुडतो तो दिवस. उपविभागाचं ऑफिस कामाच्या वेळेतच उघडं असतं, एका फेरीत काम होत नाही, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईने दोन दिवस खाडे केले की एक घर हातचं जातं. सात दिवसांत बिल भरलं तर एक टक्का सूट मिळते, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. या सवलती ज्याच्या खात्यात पैसे पडून असतात त्याच्यासाठी आहेत, ज्याचा पगार शनिवारी सुट्या नोटांत येतो त्याच्यासाठी नाहीत. म्हणून तुमची खरी मदत वर्गणीइतकीच या फेऱ्या वाचवण्यात आहे. मुलीच्या आईकडून सहीचा अर्ज घ्या आणि तुमच्यापैकी कुणीतरी मधल्या सुट्टीत जाऊन तो देऊन या.

वर्गणीतून पैसे उरले तर एक पंखा घ्या. थट्टा करत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा असतो. दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट खातो. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे १४-१५ युनिट. वाचलेली २१-२२ युनिटं बरोबर वरच्या पायरीवरची असतात. वापर १२० असलेल्या घराचं बिल त्याने जवळजवळ अडीचशे रुपयांनी उतरतं. पंख्याला अडीच-तीन हजार पडतात, ते घर एकरकमी काढू शकत नाही. तुम्ही काढू शकता. जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालंय का तेही बघा, मधे कागद धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आला तर रबर बदला.

गॅसचंही विचारून घ्या. जोडणी आईच्या नावावर असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ सिलिंडर मोफत आहेत, उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणला पात्र घरांसाठी. बऱ्याच घरांत जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर राहिलेली असते आणि एवढ्यावरून लाभ हुकतो. एजन्सीत नाव बदलून मिळतं.

अर्ज असा लिहा, फार लांबण लावू नका:

"प्रति, उपकार्यकारी अभियंता, ______ उपविभाग. विषय: ग्राहक क्रमांक ______, बिलदुरुस्ती व वीजजोडणीबाबत. माझे दि. ______ चे ______ रुपयांचे बिल मला मान्य नाही. माझा मागील १२ महिन्यांचा सरासरी वापर ______ युनिट असून या बिलात ______ युनिट दाखवले आहेत. मीटरची प्रत्यक्ष पाहणी करून, साचलेला वापर महिन्यांत विभागून, स्लॅबचा लाभ देऊन सुधारित बिल द्यावे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकानुसार मागील ६ महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरण्यास तयार आहे. ती स्वीकारून पुरवठा जोडावा. उरलेल्या मान्य रकमेसाठी ______ हप्ते मिळावेत. मला १५ दिवसांची लेखी नोटीस मिळाली / मिळाली नाही."

शेवटच्या वाक्यातलं खरं असेल तेच ठेवा. सोबत बिलाची प्रत आणि मीटरचा तारखेसकट फोटो जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांकही घेऊन ठेवा. आठ-पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, तिथे वकील लागत नाही. त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे, मुंबईला आणि नागपूरला.

सुधारित रक्कम आली की ती मुलीच्या वडिलांच्या हातात देऊ नका, त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, पण त्या पैशावर वाण्याचा, मालकाचा आणि भिशीवाल्याचा आधीच डोळा असतो. थेट ग्राहक क्रमांकावर भरा. तो बारा आकडी असतो आणि एक आकडा चुकला तरी पैसे दुसऱ्याच्या बिलात जातात, म्हणून भरताना पडद्यावर येणारं नाव जुळतंय का बघूनच पुढे जा.